शिवार पाठ असलेली माणसं

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याने मळीपासून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी उभारायचं ठरवलं, की यंत्रं मागवण्याआधी एक जाडजूड अहवाल तयार करावा लागतो. धुराड्यातून काय बाहेर पडेल, ओढ्यात काय उतरेल, विहिरींच्या पाण्याचं काय होईल, रस्त्यावर ट्रक किती वाढतील आणि आजूबाजूच्या गावांना या सगळ्याचा किती त्रास होईल, हे त्यात आधीच मांडून दाखवायचं असतं. हा नियम देशात जानेवारी १९९४ मध्ये आला. आज लागू असलेली चौकट १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची आहे. अहवाल कारखान्याने स्वतः लिहून चालत नाही. तो मान्यताप्राप्त पर्यावरण सल्लागार संस्थेकडून करून घ्यावा लागतो, आणि ती मान्यता भारतीय गुणवत्ता परिषदेचं नॅबेट हे मंडळ देतं.

मान्यता देताना नॅबेट मुख्यतः माणसं तपासतं. हवेचं प्रदूषण, पाण्याचं प्रदूषण, आवाज, जमिनीचा वापर, भूशास्त्र आणि भूजल, वनस्पती व प्राणी, माती, घातक कचरा, लोकांचं समाज-अर्थजीवन अशा डझनभर विषयांना त्या त्या विषयाचा मंजूर तज्ज्ञ लागतो. शिवाय सगळ्यांचं काम एकत्र बांधणारा समन्वयक लागतो. तज्ज्ञ नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा मिळाला नाही, तर कंपनीला त्या विषयाचं काम घेणं अवघड होतं. साखर कारखान्याचं भांडवल गाळपयंत्रात असतं, सूतगिरणीचं चात्यांत. या धंद्याचं भांडवल रोज संध्याकाळी घरी जातं आणि सकाळी परत येईल याची वाट बघावी लागते.

म्हणून अशा कंपनीला वाढायचं झालं, की तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक, नवे पदवीधर घेऊन त्यांना घडवायचं. त्यात आठ-दहा वर्षं जातात. दुसरी, आधीच घडलेला चमू त्याच्या कामांसकट, कागदपत्रांसकट आणि ओळखींसकट आपल्यात सामावून घ्यायचा. जगभरातल्या मोठ्या पर्यावरण सल्लागार कंपन्या बहुतेक दुसऱ्या वाटेने मोठ्या झाल्या आहेत. कॅनडाच्या डब्ल्यूएसपी कंपनीचं उदाहरण ठळक आहे. २०१९ च्या शेवटी तिने अमेरिकेतली ‘इकॉलॉजी अँड एन्व्हायर्नमेंट’ ही १९७० पासूनची कंपनी घेतली. २०२१ मध्ये गोल्डर ही कंपनी घेतली. माती आणि खडकांच्या अभ्यासातून १९६० मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या गोल्डरची मालकी तिच्याच कर्मचाऱ्यांकडे होती. २०२२ मध्ये वूड कंपनीचा पर्यावरण विभागही डब्ल्यूएसपीकडे आला. गोल्डरसाठी मोजलेली किंमत होती ११४ कोटी डॉलर, आणि तिथे काम करणारी माणसं होती सुमारे ७,०००. भागाकार केला तर माणशी दीड लाख डॉलरांहून जास्त पडतात.

एवढे पैसे नेमके कशाचे? कार्यालयं बहुधा भाड्याची असतात. संगणक दोन-तीन वर्षांत जुने होतात. पाणी तपासायची उपकरणं बाजारात कोणालाही मिळतात. विकत घेतली जाते ती एका भूभागाची ओळख. कुठल्या खाणीच्या तळाशी पावसाळ्यात पाणी साचतं, कुठल्या नदीचा काठ दर पुरात सरकतो, कुठल्या गावात कुणाशी आधी बोलावं लागतं, हे वर्षानुवर्षं पाय झिजवून कमावलेलं असतं. ते पुस्तकात नसतं, आणि अहवालात तर त्याचा दहावा हिस्साही उतरत नाही. ही ओळख म्हणजे काय आणि ती नसली तर काय बिघडतं, हे बघायला बीडइतका चांगला जिल्हा क्वचित सापडेल.

पर्यावरण अहवालासाठी साधारणपणे प्रकल्पाभोवतीचं १० किलोमीटर त्रिज्येचं क्षेत्र अभ्यासतात. म्हणजे सुमारे ३१४ चौरस किलोमीटर. त्यात सहज तीस-चाळीस गावं येतात. सध्याची स्थिती मोजायला बहुतेक प्रकल्पांना एक हंगाम पुरतो, आणि तो पावसाळा सोडून घ्यायचा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा पडतो. हवा कोरडी, रस्ते चांगले, ऊन सौम्य. पुण्याहून किंवा मुंबईहून आलेला चमू गाडीतून उतरतो, हवा शोषणारी यंत्रं शाळांच्या गच्चीवर बसवतो, विहिरींचे नमुने बाटल्यांत भरतो आणि प्रश्नावल्या घेऊन घरोघरी निघतो.

नेमक्या याच महिन्यांत बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि असे कोयते ट्रक-ट्रॅक्टरमधून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात. परत यायला गुढीपाडवा उजाडतो, कधी त्याच्याही पुढे जातो. मागे राहतात म्हातारी माणसं, हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवलेली मुलं, आणि ज्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे असे शेतकरी. आता जानेवारीत केलेल्या घरोघरच्या पाहणीत काय दिसणार? कुलूप असलेल्या घरापुढे ‘घर बंद’ असा शेरा पडतो आणि पाहणी करणारा पुढच्या उघड्या दाराशी जातो. उत्तरं मिळतात ती गावात टिकू शकलेल्यांची. म्हणजे कागदावर गाव असतं त्यापेक्षा जास्त सुखवस्तू दिसतं, बागायत जास्त दिसते, मजुरी कमी दिसते. पाहणाऱ्याने कुठेही खोटं लिहिलेलं नसतं. गावच तेव्हा अर्धं गावात नव्हतं.

जनसुनावणीचंही असंच होतं. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात, ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने हे सगळं जागेवर असलं, तरी सुनावणी जानेवारीत ठेवली की ज्यांच्या वस्तीजवळून सांडपाण्याचा नाला जाणार ती माणसं दोन-अडीचशे किलोमीटरवर फडात असतात. इथला माणूस चमूत असेल तर तो तारीख बघूनच हात वर करील. माणसांची पाहणी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उरकून घ्या, असं तो सांगेल. हवेची यंत्रं हवी तेव्हा लावा.

आणखी एक गोष्ट तो सांगेल. जनगणनेच्या यादीतून काढलेल्या गावांच्या नकाशावर तांडे, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्त्या, बऱ्याचदा दिसत नाहीत. महसुली नोंदीत ते जवळच्या मोठ्या गावात मोडतात. गाव ओढ्याच्या एका अंगाला आणि तांडा माळाच्या दुसऱ्या अंगाला, मध्ये दोन-तीन किलोमीटर. वाऱ्याची दिशा तांड्याकडे असेल, तर धुराचा परिणाम गावावर मोजून उपयोग काय? पण तांडा आहे हे ठाऊक असल्याशिवाय तिथे यंत्र लावायचं कुणाच्या मनात येणार नाही.

माणसांकडून पाण्याकडे वळलं की ही गुंतागुंत आणखी वाढते. बीड जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान सुमारे ६६६ मिलीमीटर धरतात. पण बालाघाटाच्या रांगेने जिल्ह्याचे दोन तुकडे केले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठचा गंगथडीचा सखल काळा पट्टा, त्यात गेवराई आणि माजलगाव. घाटावर पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर. आष्टी-पाटोद्याकडे पाऊस अंगचोर, अंबाजोगाई-परळीकडे त्यामानाने बरा. सरासरीचा आकडा यांपैकी कोणत्याच तालुक्याचं खरं चित्र सांगत नाही.

जमिनीखाली तर याहून मोठा फरक आहे. इथला खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला दख्खनचा बसाल्ट. थर एका जातीचे नाहीत. काही घट्ट काळा पाषाण; त्यात पाणी राहिलं तर फटींतच. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात आणि खडक झिजला की ठिसूळ होतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा लाल पट्टा लागतो. वरच्या दहा-पंधरा मीटरांत मुरूम असतो, आणि उघड्या विहिरींचं बहुतेक पाणी तिथलंच. त्यामुळे एका बांधाच्या अलीकडची विहीर मार्चपर्यंत टिकते आणि पलीकडची दिवाळीतच तळ दाखवते, हे इथे नेहमीचं आहे. बाहेरच्या भूजलतज्ज्ञाला नकाशे वाचता येतात, विद्युतरोधाची मोजणी करता येते, आणि ती करायलाच हवी. पण तीस वर्षं विहिरी खोदण्याच्या यारीवर काम केलेल्या माणसाला गेरू कुठल्या शिवारात किती हातांवर लागला हे विचारलं, तर त्या मोजणीतल्या आकड्यांना अर्थ येतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ही नोंद मोलाची आहे. तिच्या जोडीला बीडमध्ये आणखी एक नोंद आहे, जिच्याकडे अहवाल लिहिणारे क्वचित वळतात. टंचाईच्या वर्षी तहसील कार्यालय खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करतं, म्हणजे मालकाला मोबदला देऊन त्या गावासाठी किंवा टँकर भरण्यासाठी ताब्यात घेतं. ज्या विहिरी २०१३ मध्येही अधिग्रहित झाल्या आणि २०१६ मध्येही, त्या भीषण उन्हाळ्यातही देत्या राहिल्या. या विहिरींच्या जागा नकाशावर टाकल्या, तर भूजलाचा चांगलाच अंदाज येतो. प्रकल्पाचा बोअर यांपैकी एखादीच्या जवळ येत असेल, तर अहवालात त्यावर स्वतंत्र पान हवं. हे सुचायला त्या उन्हाळ्यात इथे राहिलेला माणूस लागतो. त्याच २०१६ मध्ये केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं, आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

पाण्याचा हिशेब चुकला की काय होतं, याचा धडा परळीने दिला आहे. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला ३० मेगावॅटचा संच १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून यायचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी पूर्ण केंद्र बंद करावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. अशा ठिकाणी ‘पाण्याचा स्रोत’ या रकान्यात धरणाचं किंवा बंधाऱ्याचं नाव लिहून थांबणं पुरेसं नाही. दहा वर्षांतल्या सर्वांत वाईट मे महिन्यात तिथे काय उरतं, ते लिहावं लागतं.

पाणी वाचणारी माणसं या मातीला नवी नाहीत. बीड शहराजवळची खजाना विहीर १६ व्या शतकातली. निजामशाहीतल्या सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने ती आखली, असं सांगितलं जातं. विहिरीतलं पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने दूरच्या शेतांपर्यंत जातं. ज्याने हा उतार ओळखला, त्याने हे शिवार नुसतं पाहिलं नव्हतं, पाठ केलं होतं.

वाऱ्याचीही हीच गोष्ट. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि अजून राहत आहेत. २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे तिला ही पर्यावरण मंजुरी लागत नाही. पण आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांचा पैसा आला, की त्यांच्या मानकांप्रमाणे पर्यावरण आणि समाजाचा अभ्यास करावाच लागतो, आणि त्यात पक्षी व वटवाघळांची हंगामवार मोजणी येते. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञी हे जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र आहे. कोणता प्राणी कुठल्या शिवारातून, कोणत्या महिन्यात जखमी होऊन येतो, हे अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना जेवढं कळतं, तेवढं दोन आठवडे दुर्बीण लावून बसलेल्या पाहुण्याला कळणं शक्य नाही.

इथवरच्या सगळ्या उदाहरणांतून एक माणूस वेगवेगळ्या रूपांत समोर येतो आहे. त्याला आपल्या कंपनीत आणायचं कसं, आणि आणल्यावर टिकवायचं कसं, हा या प्रकरणाचा खरा विषय. बीडमध्ये एखाद्या बड्या पर्यावरण सल्लागार कंपनीने स्थानिक चमू विकत घेतल्याचं गाजलेलं उदाहरण नाही. पण त्याच जातीचं काम जिल्ह्यात दुसऱ्या क्षेत्रात घडलं आहे: पाणलोटाच्या. तिथे नफ्याच्या कंपन्यांच्या जागी संस्था आहेत आणि खरेदीच्या जागी सोबत. वाढीचं गणित मात्र तेच आहे.

शेजारच्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी १९६० च्या दशकात सामाजिक केंद्र उभं केलं. अनेक वर्षं ती माणसं दुष्काळी गावांत वावरली. मग भारत आणि जर्मनीच्या सहकार्याने, नाबार्डच्या साथीने, पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकाराने वॉटर ही संस्था, वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, स्थापन झाली. या कार्यक्रमाने गावोगाव स्वतःची माणसं पाठवण्याचा मार्ग घेतला नाही. त्या त्या भागात आधीपासून रुजलेल्या छोट्या संस्थांना काम दिलं, आणि मुख्य बांधकामाआधी बारा ते अठरा महिने फक्त शिकण्यासाठी ठेवले. एका छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः मान्य करायची, श्रमदान करायचं, मगच मोठा निधी. पुढे वॉटरने गावातलेच तरुण-तरुणी ‘वसुंधरा सेवक’ आणि ‘जलसेवक’ म्हणून तयार केले. संस्था मोठी झाली ती अशी, गावागावांतल्या माणसांच्या पायावर.

अंबाजोगाईत १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी मानवलोक स्थापन केली. पूर्ण नाव मराठवाडा नवनिर्माण लोकायत. शैला लोहिया यांनी स्त्रियांसाठी मनस्विनीचं काम उभं केलं. मराठवाड्यात मुख्यालय ठेवून दशकानुदशकं पाणी, शेती आणि माणसांमध्ये राहिलेल्या संस्था मोजक्याच, त्यांत ही एक.

त्याच अंबाजोगाई तालुक्याला २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने पहिल्या वॉटर कपसाठी, म्हणजे गावांमधल्या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी, निवडलं. राज्यातून तीनच तालुके घेतले होते: अमरावतीतला वरूड, साताऱ्यातला कोरेगाव आणि बीडमधला अंबाजोगाई. गावं होती ११६. आमीर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या या संस्थेकडे लोकांना एकत्र आणण्याची आणि गोष्ट सांगण्याची विलक्षण हातोटी होती. सलग समतल चर कुठल्या उतारावर किती अंतराने घ्यायचा, याचं शास्त्र त्यांनी नव्याने शोधत बसायचं टाळलं. तांत्रिक बाजूसाठी वॉटरला सोबत घेतलं. साताऱ्यात वर्षानुवर्षं गावकऱ्यांबरोबर राबलेले दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ मार्गदर्शक म्हणून आले. गावातून निवडलेल्या माणसांना ए-फ्रेम आणि हायड्रोमार्करने समपातळी काढायला शिकवलं, आणि आधीच्या वर्षी राबलेल्यांतूनच पुढचे प्रशिक्षक उभे राहिले. दुसऱ्या वर्षी ३० तालुके, तिसऱ्या वर्षी ७५. एका चमूचं ज्ञान दुसऱ्याच्या ताकदीला जोडलं की वाढ किती वेगाने होते, हे इथे दिसलं.

एवढ्या वेगात एक धोकाही असतो आणि तो स्पष्ट सांगायला हवा. पंचेचाळीस दिवसांच्या स्पर्धेत चर खणून होतात. पण खणलेला चर तीन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो, आणि तो उपसायला कुणीतरी गावात असावं लागतं. शास्त्र शिकवून परत जाणाऱ्याला हे बघायला वेळ नसतो. म्हणून मला स्थानिक चमूची खरी किंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी कळते, असं वाटतं.

सरकारी पाणलोट कार्यक्रमांनाही हा प्रश्न सुरुवातीपासून छळतो आहे. हनुमंतराव समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या, १९९५ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत पाणलोट विकास पथकाची चांगली कल्पना होती: पीकशास्त्र, पशुविज्ञान, अभियांत्रिकी आणि समाजशास्त्र या चार विषयांची निदान चार माणसं. खर्चातला ८० टक्के हिस्सा प्रत्यक्ष कामांना होता. समाज संघटनाला ५, प्रशिक्षणाला ५, प्रशासनाला १०. बंधारा दिसतो, म्हणून त्याला पैसा सहज मिळतो. बंधाऱ्याची जागा बरोबर ठरवणारं पथक दिसत नाही, आणि प्रकल्पाची चार-पाच वर्षं संपली की ते विखुरतं. मराठवाड्यात अशी शिकलेली आणि अनुभवी माणसं पुढे पतसंस्थेत, विमा कंपनीत, कुणी पुण्यातल्या गृहप्रकल्पावर पर्यवेक्षक म्हणून गेली. पुढचा प्रकल्प आला की नवीन भरती, नवीन प्रशिक्षण, आणि बांधापासून पुन्हा सुरुवात.

खासगी सल्लागार कंपनी अशा चमूला सामावून घेणार असेल, तर या अनुभवातून करारात काय असावं ते बरंच स्पष्ट होतं.

पहिला प्रश्न, चमू म्हणजे कोण? हिशेबनीस पगारपत्रक बघतो. त्यावर अभियंता असतो, रसायनशास्त्रज्ञ असतो, समाजशास्त्राची पदवीधर असते. पंधरा वर्षं गाडी चालवणारा, प्रत्येक फाट्यावरचा रस्ता पावसाळ्यात कुठे तुटतो हे जाणणारा चालक त्यावर नसतो. विहिरीत दोर सोडून पातळी मोजणारा गावातला पोरगा नसतो. तांड्यावर बायकांशी त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलू शकणारी कार्यकर्ती बहुधा रोजंदारीवर असते. कंपनी विकत घेतली आणि ही माणसं बाहेर राहिली, तर हाती कागदपत्रं येतात आणि ओळख निसटते.

दुसरा, पैसे कधी? जगभर अशा व्यवहारांत किमतीचा एक भाग लगेच आणि उरलेला दोन-तीन वर्षांत, ठरलेलं काम झालं आणि मुख्य माणसं टिकली तर, असा देण्याची रीत आहे. बीडसारख्या ठिकाणी हा उरलेला भाग फक्त जुन्या मालकाच्या खिशात जाऊ नये. तो चमूत वाटला गेला पाहिजे, कारण तिसऱ्या वर्षी गावात जाणार तेच आहेत.

तिसरा, कार्यालय कुठे? विलीनीकरणानंतर अनुभवी माणसाला बढती देऊन पुण्याला किंवा मुंबईला हलवायचं, ही मुख्यालयाची नेहमीची ओढ. त्या माणसाचा सन्मान होतो आणि त्याचं ज्ञान मुळापासून तुटतं. अंबाजोगाई, माजलगाव किंवा आष्टीत एक कार्यालय राहिलं, तिथे पर्जन्यमापक राहिला, नोंदवह्या राहिल्या, तर पुढच्या अहवालाला एका हंगामाऐवजी दहा हंगामांचा आधार मिळतो.

आणि चौथा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा. पर्यावरण अहवालाचे पैसे प्रकल्प उभारणारा देतो. सल्लागारावर होकार देण्याचा दबाव त्यामुळे या व्यवस्थेतच आहे. स्थानिक माणसावर तो दुप्पट असतो, कारण त्याला उद्याही त्याच बाजारात भाजी घ्यायची आहे, त्याच शाळेत मुलं घालायची आहेत. पण त्याच कारणाने तो खोटं लिहायला जास्त बिचकतो, कारण विहीर नासली तर दार त्याचं वाजणार असतं. कंपनीने त्याला ही ताकद वापरू दिली पाहिजे. या जागी हा प्रकल्प नको, असं लिहायचा अधिकार स्थानिक प्रमुखाला करारातच द्यावा, आणि त्याने तो वापरला तर मोबदल्यातून एक रुपयाही कापू नये. असं कलम नसलेला करार म्हणजे गावाचा विश्वास गावालाच महागात पडेल अशा भावाने विकणं.

चमू सांभाळण्याची परीक्षा सध्या जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी होते आहे. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, सुरू झाला. पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले सगळे जिल्हे होते आणि एकूण गावं पाच हजारांवर. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली: पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकाला किती लागेल. गावात ग्राम कृषी संजीवनी समिती आणि तिच्या जोडीला काही गावं सांभाळणारा कंत्राटी समूह सहायक. ताळेबंदाचं गणित संगणक करतो, पण अमुक नाल्यावरचा बंधारा फुटलेला आहे, तमुक शेतात ऊस कागदावर नाही पण उभा आहे, हे गणितात घालायला बांधावर जाणारा माणूस लागतो. प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला आहे. त्यासाठी माणसं घेताना बीड, गेवराई, केज, आष्टीत पहिल्या टप्प्यात राबलेल्या समूह सहायकांच्या याद्या आधी काढाव्यात, त्या गावांतल्या कामाला निवडीत वेगळे गुण द्यावेत आणि नेमणूक एका टप्प्यापुरती न ठेवता निदान सलग दहा पावसाळ्यांची करावी.